म्हशीवरच हाय ते गाणं, संपत

दोन हजार पंचवीस साल. मला शहात्तरावं चालू हाय आणि तू माझ्यापेक्षा चांगला आठ-नऊ वर्षांनी ल्हान. म्हणजे रांगेत मी पुढं होतो, संपत. तू मधीच घुसून पुढं गेलास. रेशनच्या रांगेत असंच करायचास, थेटरच्या रांगेत असंच करायचास. पण तिथं निदान "दाजी, तुमचंबी तिकीट काढलंय" म्हणून हाक तरी मारायचास.

तुझी प्राजू म्हणाली, "मामा, बाबांवर लिहा, मंडळाच्या अंकात घालूया." मी म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस, मला काय लिवाय येतंय? ती म्हणाली, बोलता तसं लिहा. बोलतो तसं लिहिलं तर छापतील व्हय? "थोडे शब्द गाळतील," म्हणाली. गाळू देत. तू कुठल्या साली जन्मलास, गॅरेज कधी काढलंस, समाजाला काय दिलंस, ते दुसरे लिहितील. तुझ्या बहिणीचा नवरा म्हणून मला तुझ्याशी एकाच विषयावर बोलायचंय. ते गाणं माझ्या कस्तुरीवर हाय. हे तू माईकवर, चारचौघांत सांगायचं ठरलं होतं. आणि तू न सांगता गेलास.

ज्यांनी हा अंक हातात घेतलाय त्यांना सांगतो, कस्तुरी ही माझी म्हैस. गंगावेशीत कट्ट्यावर सकाळी म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, हा आमचा बापजाद्यांचा धंदा. आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवायच्या. शिंगं रंगवायची, डोक्यावर मोरपिसं, गळ्यात घुंगरं. मालक फटफटीचा सायलेन्सर काढून पुढं सुटतो आणि म्हैस मागनं पळते. चाळीस गाड्या एकदम बोंबलत असल्या तरी खरी म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागं जाते. आवाजावरनं ओळखते. दुसऱ्याच्या गाडीमागं गेली तर त्या मालकानं वर्षभर मान खाली घालून हिंडायचं.

दोन पाडव्यांमागं तू माझ्या गाडीवर मागं बसलेलास. चौकात लई गर्दी झाली. धुरानं काय दिसंना. कस्तुरी मागं राहिली. मी गाडी थांबवली न्हाई, नुस्ता एक्सलेटर पिळत राहिलो. तू मान वळवून बघत होतास. ती मधी उभी राहिली, कान वर केले, शेजारच्या पेठेतल्या तीन गाड्या तिच्या अंगाला घासून गेल्या, तिनं ढुंकून बघितलं न्हाई. मग आली ती सरळ आपल्याकडं. मी मागं बघितलं तर तुझ्या डोळ्यांत पाणी.

"धूर गेला काय रं?"

"व्हय दाजी. धूरच."

धूर न्हवता. त्याच दिवशी तू ते गाणं लिहिलंस. आता कोण कायबी म्हणू दे, मी त्या गाडीवर होतो.

तुला गिटारीचं याड जुनंच. लग्नाआधी तू जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचास. तुझ्या बापानं ती लाल गिटार माळ्यावर टाकली आणि तुझ्या हातात पाना दिला. मग इतक्या वर्षांनी प्राजू नोकरीला लागली, तिचे दोन मित्र ढोलताशे घेऊन गॅरेजात यायला लागले आणि तू पुन्हा ती गिटार खाली काढलीस. टायरवर बसून वाजवायचास. मी विचारलं, हे कुठल्या जातीचं गाणं? तू म्हणालास, "अल्टरनेटिव्ह रॉक, दाजी."

"म्हणजे?"

"म्हणजे हमरस्त्यानं न जाता कडंच्या पाणंदीनं जायचं."

"पाणंदीत चिखल असतोय."

"तोच पाहिजे."

मी म्हटलं, मग माझ्या गोठ्यात ये. चेष्टेत म्हटलं होतं. तू आलासच की रं दुसऱ्या दिवशी, गिटार, स्पीकरचा डबा आणि आवाज बदलायच्या, पायानं दाबायच्या चार डब्या घेऊन. तुला म्हणे गिटारीतनं माझ्या गाडीचा आवाज काढायचा होता. सायलेन्सर काढल्यावरचा. त्या गाडीचं इंजिन तूच तीनदा खोललेलं, तुला तिचा आवाज पाठ. "तुमची गाडी म्हणजे घशात गुळाचा खडा अडकलेला माणूस ओरडतोय," असं तू म्हणायचास. प्राजूनं सांगितलं, बाबा, गाडीच रेकॉर्ड करा की, फोनवर होतंय. तू म्हणालास, न्हाई. गिटारच बोलली पाहिजे. आणि जमलं का न्हाई ते मशीन सांगणार न्हाई, कस्तुरी सांगेल. तिनं मान वर केली की जमलं.

आता हे कुठल्या गाण्यात झालंय? सांग मला. कुठल्या गाणाऱ्यानं म्हशीला विचारून आवाज लावलाय?

रोज सकाळी माझी धार काढायची येळ आणि तुझं ट्यांव ट्यांव. कस्तुरी आपली वैरण खात बसायची. तू डबीचं बटण पिळायचास, पुन्हा वाजवायचास. ती शेपटीनं माशी हाकलायची. तू म्हणायचास, "दाजी, शेपटी हलली!" मी म्हणायचो, माशी होती. बाकीच्या पाच म्हशींचं दूध कमी झालं. तुझी आक्का दारात येऊन म्हणायची, "संपा, म्हशी आटवतोस काय रं?" तू म्हणायचास, "आक्का, कला हाय ही." ती म्हणायची, "कला तुझ्या घरात कर. सुमन कुठं हाय? तिनं सोडलं कसं तुला घरातनं?" तर तुझ्या बायकोनंच, सुमननं, तुला गिटारीसकट घराबाहेर काढलं म्हणूनच तू माझ्याकडं आलेलास, हे मला मागनं कळलं.

मग एक दिवस जमलं. मी धार काढत होतो, चरवी अर्धी भरलेली. तू काय पिळलंस कुणास ठाऊक, त्या डब्यातनं माझी गाडी ओरडली. माझी! मीबी दचकून दाराकडं बघितलं, गाडी कुणी चालू केली म्हणून. कस्तुरीनं कान वर केले, लाथ मारली, चरवी उडाली, दावं तुटलं आणि ती जाऊन तुझ्या स्पीकरला नाक लावून उभी राहिली. तू शेणात बसून हसत होतास. मी दुधात बसून शिव्या देत होतो. तुला ओरडलो, "माझा आवाज चोरलास!" तू म्हणालास, "दाजी, चोरला न्हाई. पोचवला."

त्या दिवशी मला राग आला तो दुधाचा न्हवता. ती मला सोडून त्या डब्याकडं गेली त्याचा होता. एवढं सांगतो, पुढचं तू समज.

शब्दांचंबी सांगतो. पहिल्यांदा लिहिलेलं तू मला गोठ्यात म्हणून दाखवलंस. "हजार गाड्या जातात रस्त्यानं, माझा आवाज ओळख. ओळखलास तर मागं ये, न्हाईतर रवंथ करत बस." प्राजू म्हणाली, बाबा, रवंथ काढा, लोक हसतील. तू मुकाट्यानं काढलंस आणि तिथं "न्हाईतर विसर मला" घातलंस. मी तवाच म्हटलं होतं, हे चुकतंय. रवंथ ठेवला असतास तर पुढचं भांडण झालंच नसतं. रवंथ कोण करतंय? कॉलेजची पोरगी?

पुढच्या पाडव्याला मंडळाच्या स्टेजवर गाणं पहिल्यांदा वाजलं. मी कस्तुरीला सजवून मिरवणुकीतनं परत आणत होतो. मला वाटलं, हिचंच गाणं हाय, हिला ऐकू दे की जरा. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तू, प्राजू आणि तिचे दोन मित्र वर, खाली खुर्च्यांवर माणसं, पुढच्या रांगेत शालवाले पाहुणे. तू पहिली तार ओढलीस.

मी दावं धरलेलं होतं, हे अजूनबी सांगतो. पण पंच्याहत्तरीच्या उंबऱ्यावरचा माणूस आणि तसली म्हैस, दाव्याचं काय चालतंय? ती खुर्च्यांमधनं गेली. माणसं बाजूला झाली, खुर्च्या झाल्या न्हाईत. शालवाले पाहुणे नारळ हातात घेऊन स्टेजच्या मागं गेले ते पुन्हा दिसले न्हाईत. कस्तुरी पायऱ्यांवरनं वर चढली आणि तुझ्या शेजारी, स्पीकरला नाक लावून, मोरपिसं डोलवत उभी राहिली. आणि तू, लेका, थांबला न्हाईस! डोळे मिटून वाजवत राहिलास. गाणं संपस्तोवर ती हलली न्हाई. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बसवलेलं हाय. पोरं मला विचारायला लागली, "अण्णा, किती दिवस तालीम घेतली?"

सांगायचा मोका तोच होता, संपत. माईक तुझ्या तोंडापुढं, म्हैस तुझ्या शेजारी. "हे गाणं हिच्यावर हाय" एवढंच म्हणायचं होतं. तू म्हणालास, "धन्यवाद कोल्हापूर."

मग ते फोनवरनं पसरलं. इचलकरंजीला मागाच्या शेडात वाजलं, जोतिबाला गुलालाच्या दुकानात वाजलं, फुटबॉलच्या मॅचला दोन्ही बाजूंनी वाजलं. तुम्ही व्हिडिओ काढला. मी म्हटलं, कस्तुरीला धुऊन आणतो. तर व्हिडिओत कोण? एक वाळकी पोरगी. रंकाळ्याच्या काठानं चालतिया. पहिल्यापासनं शेवटपर्यंत नुस्ती चालतिया. मी तुझ्या गॅरेजात येऊन विचारलं, ही कोण?

"दाजी, ती डायरेक्टरनं घेतली. प्रतीक हाय."

"कशाचं?"

"म्हणजे... आपण ज्याची वाट बघतो त्याचं."

"मी वाट बघत न्हाई. मी एक्सलेटर पिळतो आणि म्हैस येते."

तू पान्यानं डोकं खाजवलंस. उत्तर सुचलं न्हाई की तू पान्यानं डोकं खाजवायचास, म्हणून तुझ्या टकलाला कायम काळं लागलेलं असायचं.

पेपरात आलं, तरुणाईच्या एकटेपणाचा हुंकार. एकटेपणा कुठला? गोठ्यात सहा म्हशी होत्या, आक्का होती, मी होतो. मग पुण्याहनं एक जण तुझी मुलाखत घ्यायला आला. मी तिथंच बाकड्यावर बसलेलो, मुद्दाम. त्यानं विचारलं, या गाण्याची प्रेरणा काय? तू माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "आयुष्य."

आयुष्य! कस्तुरीचं नाव आयुष्य कधी ठेवलं आपण?

तवापासनं मी कट्ट्यावर येईल त्याला सांगायला लागलो. पेल्यात धार सोडता सोडता सांगायचो, पावणं, ते गाणं ऐकलंय न्हवं, ते हिच्यावर हाय, हिच्यावर. लोक हसायचे. एक जोडपं रुसून गेलं, त्यांच्या लग्नात ते वाजवलेलं. तू पळत आलास. "दाजी, पाया पडतो, सांगू नका. पोरी रडत्यात हो त्या गाण्यावर. म्हशीवर हाय कळलं तर काय वाटंल त्यांना?"

"अभिमान वाटंल."

"दाजी, गाणं ज्याला ऐकू येतं त्याचं असतं. लिवणाऱ्यानं मधी बोलू नये."

"मग म्हैस ज्याची त्याची असती का? सोडून देऊ रस्त्यावर?"

त्यानंतर आपण बोलत न्हवतो. म्हणजे एकाच बाकड्यावर बसायचो, चहा प्यायचो, पण बोलायचं ते आक्कामार्फत. "तुझ्या भावाला सांग, गाडीचा ब्रेक लागत न्हाई." "आक्का, दाजींना सांग, घेऊन या." मधी बसून तिचा चहा गार व्हायचा. ती म्हणायची, "म्हशीपायी सख्ख्या मेव्हण्याशी भांडणारा हा एकच माणूस. आणि ह्या दुसऱ्यालाबी अक्कल न्हाई."

मग उन्हाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात पडलेलो. घरी कस्तुरीनं पान्हा चोरला. पोरानं प्रयत्न केला, आक्कानं केला, ती कुणाला थेंब देईना. मला कुणी सांगितलं न्हाई. घरी आलो तवा सकाळी गोठ्यातनं गिटारीचा आवाज येत होता. टाके धरत धरत दारापर्यंत गेलो. तू बादलीवर बसून वाजवत होतास. मोठ्यानं न्हाई, बारीक. माझी गाडी लांबनं येतिया, असं. पोरगा धार काढत होता आणि कस्तुरी डोळे मिटून उभी होती. मी नसताना तू रोज येत होतास. मी तुला काय म्हटलं? "म्हशीची सवय बिघडवलीस." तू म्हणालास, "व्हय दाजी," आणि गिटार पिशवीत घातलीस.

आपल्यात आभार मानायची पद्धत न्हाई. आता काय सुरू करायची?

तिथनं जाताना दारात तू म्हणालास, "या पाडव्याला सांगतो, दाजी. स्टेजवर. कस्तुरीला शेजारी घेऊन. काय व्हायचं ते होऊ दे." मी म्हटलं, बघू. आणि दसऱ्याच्या आधीच तू गॅरेजात हातात पाना घेऊन खाली बसलास तो बसलासच.

तुझी शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. फोटोत तुझ्या टकलाला काळं न्हवतं, त्यामुळं तो तू वाटतच न्हवतास. एक प्राध्यापक बोलले. संपतरावांच्या गाण्यात अस्तित्वाचा शोध हाय म्हणाले. एक पोरगी बोलता बोलता रडली. मी शेवटच्या रांगेत बसलेलो. ठरवून आलेलो, आज सांगायचं. मेलेल्या माणसाचा शब्द हाय, मोडू द्यायचा न्हाई. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला, तेवढ्यात पुढनं सुमन उठली.

तुझी सुमन कधी चारचौघांत बोलली न्हाई. तिनं माईक असा धरला, जसं लाटणं धरावं.

"सगळी येऊन मला म्हणत्यात," ती म्हणाली, "वहिनी, किती प्रेम होतं, तुमच्यावर गाणं लिहिलं. अवो, लग्नाला एवढी वर्षं झाली, मला त्यांनी 'अगं ए' सोडून दुसरी हाक मारली न्हाई. ते गाणं दाजींच्या म्हशीवर हाय. मला म्हाईत हाय. मीच त्यांना गिटार घेऊन गोठ्यात घालवलं होतं. दाजी वर्षभर खरं सांगत्यात आणि तुम्ही हसताय. त्यांना हसू नका. खोटं मोठेपण मला नको, आणि ह्यांना तर नकोच."

आणि बसली.

मग कुणीतरी फुसकन् हसलं, मग सगळा हॉल हसला, प्राजू हसता हसता रडली, प्राध्यापकांनी चष्मा पुसला. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं. "अण्णा, बोला की दोन शब्द!" मला उभं केलं. माईक दिला. वर्षभर जे सांगायचं होतं ते एका बाईनं दोन मिनिटांत सांगून टाकलेलं. मी जिंकलेलो, संपत. चारचौघांत, माईकवर, तुझ्या बायकोच्या तोंडनं. मी तुझ्या फोटोकडं बघितलं. तू पान्यानं डोकं खाजवत न्हवतास. "खरं हाय," म्हटलं आणि बसलो. घरी जेवलो न्हाई. आक्कानं विचारलं, "आता काय झालं? झालं न्हवं तुमच्या मनासारखं?" मी म्हटलं, व्हय. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरीला घेऊन कट्ट्यावर गेलो. आधीच गर्दी. बातमी गावभर झालेली. तो समोरचा पानपट्टीवाला, जो वर्षभर मला हसत होता, तो हात जोडून पुढं आला. "अण्णा, चुकलो. तुमचंच खरं निघालं. म्हशीवर हाय गाणं." मागनं चार जण म्हणाले, व्हय व्हय, म्हशीवरच. एकानं तर कस्तुरीबरोबर फोटो काढायला फोन वर केला.

मी धार अर्धी टाकून उभा राहिलो.

"कोण म्हणतंय म्हशीवर हाय?" म्हटलं.

"अण्णा? तुम्हीच की!"

"एक शब्द दाखवा त्या गाण्यात म्हशीचा. शिंग हाय? शेपूट हाय? रवंथ हाय? अरं, गाणं ज्याला ऐकू येतं त्याचं असतंय. लिवणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते म्हशीनं ठरवायचं व्हय?"

"अवो पण काल वहिनीच..."

"वहिनीला काय कळतंय अल्टरनेटिव्ह रॉकमधलं!"

पानपट्टीवाला तापला. मीबी तापलो. तो म्हणाला म्हशीवर, मी म्हटलं आयुष्यावर. गिऱ्हाइकं पेले घेऊन ताटकळली, निम्मी त्याच्या बाजूनं झाली. तुझ्या बाजूनं मी एकटाच होतो, आणि दूध संपलं तरी हटलो न्हाई.